पाण्याची वाट

आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर मी आणि सासूबाई निघालो, तेव्हा इंद्रायणीवर पांढरा फेस होता. सासूबाईंनी तरीही ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. माझा हात पुढे झाला नाही, आणि ते दिवसभर सलत राहिलं.

मी शाळेत भूगोल शिकवते. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात. तिथे कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणात उतरतो, पूर्वेकडचा बंगालच्या उपसागराची वाट धरतो. देहू, आळंदी करत इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळते. आणि पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा म्हणतात, ती हीच भीमा. नकाशावर शंभरदा दाखवलं असेल, पण चालायला लागल्यावर ते पाणी आपल्याबरोबरच निघालंय असं पहिल्यांदा वाटलं.

संगमवाडीला मुळा ओलांडली, पुण्यातला मुक्काम झाला, हडपसर मागे पडलं. दिवे घाट चढून वर आलो तर जोराची सर आली. सासूबाईंना म्हटलं, "आई, पुण्याच्या अंगाला पडणारा हा पाऊस मुळा-मुठेत जातो आणि सासवडच्या अंगाचा कऱ्हेत. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, पुढे उजनीच्या धरणात. कऱ्हा जाते नीरेत, आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत. इथे दोन वाटांना लागलेलं पाणी पंढरपूरच्या आधी एक होतं."

"तीही वारीच की गं," त्या म्हणाल्या. थोडं चालून थांबल्या. "मग आपल्या मोरीतलं पाणीसुद्धा तिकडेच जात असेल."

हो म्हणाले. सासवड येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. शहराचं मैलापाणी मुठेत जातं हे मी वर्गात एका वाक्यात सांगून पुढच्या धड्याकडे वळत असे. यापुढे तसं जमायचं नाही.

जेजुरी, वाल्हे, मग नीरा. भोरच्या डोंगरातून आलेल्या त्या पाण्यात पादुकांना स्नान घातलं, टाळ-मृदंगाचा आवाज नदीवर भरून राहिला. इथे मात्र मी पाण्यात उतरले, डोळ्यांना पाणी लावलं.

दशमीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभ्या असताना सासूबाईंनी विचारलं, "आपलं आळंदीचं पाणी कुठनं येतं गं?" मी प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला बोट दाखवलं. त्या तिकडे वळल्या, पाण्यात वाकल्या आणि आळंदीत घेतली होती तशीच ओंजळ भरून घेतली.