दोन मिनिटांचं काम

आमच्या ऑफिसात खुर्चीचं चाक बदलून घ्यायचं तर आधी तिकीट, म्हणजे दुरुस्तीची रीतसर मागणी, काढावं लागतं. त्यात खुर्चीचा अ‍ॅसेट नंबर, म्हणजे ऑफिसच्या वस्तूंच्या नोंदीतला क्रमांक, हवा. तो सीटखालच्या स्टिकरवर असतो, आणि माझ्या खुर्चीचा स्टिकर इतका घासलाय की शेवटचे दोन आकडे वाचताच येत नाहीत. त्यामुळे 'माहिती अपूर्ण' म्हणून तिकीट आपोआप बंद. नवा स्टिकर मागावा तर त्यालाही जुना नंबर लागतो!

मेंटेनन्सचे दादा येऊन बघून गेले. "मॅडम, स्टोअरमध्ये चाकं पडून आहेत, दोन मिनिटांचं काम आहे. पण वर्क ऑर्डरशिवाय हात लावला तर माझ्यावर येईल." त्यांचा काय दोष?

मोठ्या ठिकाणी कुणी एकाने गैरफायदा घेतला की नियम वाढतो. तो काढून टाकणं मात्र कुणाच्याच कामात बसत नाही. आणि किरकोळ गोष्टींवरच जास्त वेळ जातो, हे तर ब्रिटिश इतिहासकार पार्किन्सन यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं : त्यांच्या उदाहरणातली समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकल शेडवर पाऊण तास वाद घालते. शेड सगळ्यांना कळते ना, म्हणून.

मला संताप येतो तो माणसांच्या वेळेचा हिशेब कुणीच धरत नाही याचा. किरकोळ दुरुस्तीचा अधिकार मेंटेनन्सलाच द्या, रजिस्टरमध्ये नोंद ठेवा, महिनाअखेरीस तपासा. हे मी वरिष्ठांना लेखी दिलंय, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडणार नाही.