तिखटाचा लाल रंग आणि लाइटची खरेदी

लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे लाइटांचा तुटवडा नसतो. स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारे फ्लॅश), छत्र्या, व्हिडिओसाठी एकेकाळी वापरायचो ते हजार वॅटचे हॅलोजन, सगळं माझ्या दुकानात पडलेलं आहे. तरीही वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या मालाचे फोटो काढायचं काम घेतलं आणि त्यासाठी वेगळा लाइट घ्यायचं ठरवलं. कोणता, यावर बराच काथ्याकूट झाला. आता गावोगावचे गट मसाले, लोणची, पापड पॅक करून विकतात. फोटोचं काम कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणून लिहून ठेवतोय.

माल असा होता: वायगावची हळद (२०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, तीच), भिवापुरी मिरचीचं तिखट, जवसाची चटणी, काचेच्या बरणीत आंब्याचं लोणचं, कुरडया, सरगुंडे (गव्हाच्या पिठाचं वाळवण). शिवाय मसाल्याच्या पाकिटावर छापायला तर्रीवाल्या रश्श्याचा एक फोटो. यादी वाचतानाच लक्षात आलं की यातली कोणतीच दोन माणसं एका स्वभावाची नाहीत. हळद-तिखट उजेड पिऊन टाकतं, तर्री आणि पितळेचा गंज (भांडं) तो जसाच्या तसा परत फेकतात, बरणीत अख्खी खोली दिसते, आणि कुरडईला सावली मिळाली नाही तर ती फोटोत नुसता पांढरा डाग होते.

खिडकीचा उजेड फुकट आणि उत्तम, हे मलाही मान्य आहे. पण गटाच्या ज्या खोलीत काम करायचं होतं तिला एकच लहान खिडकी, आणि भिंती आकाशी डिस्टेंपरच्या. त्या निळ्याची झाक थेट भाकरीवर उतरते. शिवाय आज काढलेला हळदीचा फोटो आणि पुढच्या हंगामात काढलेला लोणच्याचा फोटो एकाच कॅटलॉगात शेजारी बसायचा होता. आभाळ भरून आलं की रंग बदलतो, म्हणजे लाइट लागणारच.

पहिला प्रश्न विजेचा. रब्बीत गहू-चण्याला पाणी सुरू झालं की मोटारी चालतात आणि व्होल्टेज पार खाली जातं. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर मग विचारूच नका. एका मित्राचा ४०० वॅट-सेकंदांचा स्टुडिओ स्ट्रोब, म्हणजे विजेवर चालणारा मोठा फ्लॅश, आणून लावून पाहिला. लाइन असताना ठीक होता, फक्त प्रत्येक फ्लॅशनंतर पुन्हा भरायला वेळ घ्यायचा. घरच्या इन्व्हर्टरवर लावला तर भरताना एकदम इतका करंट ओढायचा की इन्व्हर्टर किंचाळायला लागला. उजेडाच्या दर्जाबद्दल त्या स्ट्रोबला नावं ठेवायला जागा नाही, पण आपल्या गावात त्याचा निभाव लागत नाही. उरले दोन पर्याय: बॅटरीवर चालणारा फ्लॅश किंवा इन्व्हर्टरवर दुपारभर आरामात चालेल असा साठ वॅटच्या आसपासचा एलईडी. हॅलोजन मी विचारातही घेतला नाही. त्याच्या उष्णतेने आधीच ४५ अंशांच्या गावात तूप पातळ होतं, सांबार (कोथिंबीर) कोमेजतो आणि फोटो काढणारा त्याच्याही आधी.

दुसरा प्रश्न रंगाचा, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. एलईडीच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५, ९६ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो आकडा म्हणजे आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी. गडद लाल त्या आठांत येतच नाही. त्याचं माप आर-नाइन नावाने वेगळं असतं, आणि ते खोक्यावर छापायला अनेक कंपन्यांना आवडत नाही. आंब्याच्या फोडीला याने फारसा फरक पडणार नाही. तिखटाला पडतो.

तर नागपूरला सीताबर्डीत लाइट बघायला जाताना मी खिशात तिखटाची आणि हळदीची पुडी नेली, सोबत ग्रे कार्ड, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग जुळवायचं राखाडी कार्ड. घरी अंगणात उन्हात दोन्ही पुड्यांचा फोटो आधीच काढून ठेवला होता. दुकानात प्रत्येक एलईडीखाली तशाच पुड्या उघडायच्या, ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्स घ्यायचा, आणि उन्हातल्या फोटोशी ताडून बघायचं. काउंटरवर पिवळे-लाल डाग पडायला लागले तसा दुकानदार म्हणाला, “भाऊ, लाइट घ्यायले आले का मसाला विकायले?” पण परीक्षा चोख झाली. एक पॅनल हळद हुबेहूब दाखवायचं आणि तिखटाला मात्र विटकरी करून टाकायचं. सीआरआय त्याच्याही खोक्यावर ९५च होता.

ते सगळे फोटो मी गटातल्या ताईंना दाखवले, कोणता कशाचा ते न सांगता. त्या पॅनलवाल्या फोटोवर बोट ठेवून एक काकू म्हणाल्या, “हे तिखट तं मागच्या सालचं वाटून राह्यलं जी.” त्यांचं बरोबरच होतं. तिखट जुनं झालं की रंग उतरतो, आणि गिऱ्हाईक पाकीट हातात घेण्याआधी तेच बघतं. इथे त्या पॅनलचा विषय संपला. शेवटी घेतला तो ५६०० केल्विनचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा), साठ वॅटचा, एकाच मोठ्या चिपचा सीओबी एलईडी. त्याला बोवेन्स माउंट (पुढच्या जोडणीची एक प्रचलित कडी) आहे, म्हणजे त्या माउंटचा कोणत्याही कंपनीचा सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करणारी कापडी पेटी, बसतो. हे माउंट बघूनच घ्या. लाइट बदलतात, सॉफ्टबॉक्स वर्षानुवर्षं चालतात.

फ्लॅश सोडून एलईडी आधी का, तर ताईंमुळे. फ्लॅशमध्ये सावली कुठे पडली ते फोटो निघाल्यावर कळतं. एलईडी लावला की ती समोर ताटात दिसते. कुरडईवर उजेड बाजूने, अगदी टेबलाच्या पातळीवर आणला आणि तिचे वेटोळे उठून आले, तेव्हा “हां, आता दिसली कुरडई,” असं मला सांगणारे तिथेच उभे होते. शिवाय मी नसताना त्या मोबाइलने फोटो काढतात, आणि माझा फ्लॅश त्यांच्या मोबाइलशी काही बोलत नाही.

एलईडीची मर्यादाही सांगतो. सॉफ्टबॉक्स लावून मीटरभर अंतरावर ठेवला तर आयएसओ १०० आणि एफ ८ला शटर साधारण १/८ सेकंदावर येतं, म्हणजे बरंच सावकाश. ट्रायपॉडवर ठेवलेल्या बरणीला याचं काही वाटत नाही. पण वरून हळद भुरभुरवायची किंवा फोडणी ओतायची तर सगळं पुसट येणार. त्यासाठी नंतर २०० वॅट-सेकंदांचा बॅटरीवाला फ्लॅश घेतला, गोडॉक्सचा एडी २००. पूर्ण ताकदीवर एका चार्जिंगमध्ये सुमारे ५०० फ्लॅश देतो, आणि ब्रॅकेट लावून त्याच सॉफ्टबॉक्सवर बसतो. उडती हळद गोठवायची तर तो पूर्ण ताकदीवर चालवू नका. अशा फ्लॅशमध्ये ताकद कमी केली की झोताचा काळही लहान होतो, आणि कण न् कण वेगळा दिसतो. तेवढ्यासाठी लाइट जवळ आणावा लागतो, इतकंच.

जवळ-दूरचं गणित मात्र थाळीला आडवं येतं. थाळीचा अलीकडचा काठ लाइटपासून दोन फुटांवर आणि टेबलाचं पलीकडचं टोक चार फुटांवर असेल, तर पलीकडे पाव उजेड पोचतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). हाच लाइट मागे सरकवून अंतरं चार आणि सहा फूट केली की फरक एका स्टॉपच्या जरा वर उरतो. पण मागे गेला की सॉफ्टबॉक्स थाळीच्या मानाने लहान होतो आणि सावल्या कडक होतात. म्हणून खोली लहान असली तरी सॉफ्टबॉक्स ९० सेंटिमीटरच्या खाली घेऊ नये, असं माझं मत झालंय. छत्रीचा उजेड अशा खोलीत चारी भिंतींवर उधळतो आणि आकाशी रंग घेऊन परत येतो. भिंतींना मी मांडववाल्याकडचं काळं कापड लावलं.

रिंगलाइट घेऊ का, असं बरेच जण विचारतात. तर्रीवर एकदा लावून बघा. तेलाच्या प्रत्येक थेंबात एक बांगडी दिसते.

दुसरा लाइट घेण्याऐवजी मी थर्माकोलच्या पांढऱ्या शीट आणि काळा कार्डपेपर वापरतो. लाइट ताटाच्या मागून, डाव्या अंगाने, आणि समोर थर्माकोल. बहुतेक खाण्याचे पदार्थ एवढ्यावर निभतात. समोरून लाइट मारला की रस्सा सपाट होतो आणि तर्रीची चमक जाते. पाकिटावर “दोन लाइट, दोन छत्र्या, चार बल्ब” असे जे संच स्वस्तात मिळतात, त्यांच्या पैशांत एक जड स्टँड घ्या. माझ्या स्टँडच्या पायावर वाळूच्या पिशवीऐवजी गव्हाचं अर्धं पोतं असतं. पंखा चालू असेल तर सॉफ्टबॉक्सचं शीड होतं आणि सगळं लोणच्यावर येतं.

आता बरणी. आंब्याच्या लोणच्याची भरलेली बरणी समोरून काळी ढिम्म दिसते, कारण फोडी आणि मसाला उजेड आत जाऊ देत नाहीत. पांढरा कार्डपेपर बरणीपेक्षा थोडा लहान, तिच्याच आकारात कापायचा आणि बरणीच्या मागे लपवून तिरका उभा करायचा, असा की मागून येणारा उजेड त्याच्यावर पडून बरणीतून पुढे येईल. वरच्या थरातलं तेल लगेच सोनेरी होतं, मेथीचे दाणे दिसायला लागतात. काचेवर सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन उमटतो तो घालवायला लाइट आणि बरणीच्या मध्ये पडदा हवा. ट्रेसिंग पेपरचा रोल सगळ्यात चांगला. लाइट पडद्यापासून मागे-पुढे केला की काचेवरची चमक कडेला विरत जाते. जुन्या धोतराचं कापडही चालतं, पण नीळ किंवा चकाकी आणणारी पावडर घातलेलं नको. फ्लॅशखाली ते निळसर पडतं, आणि मग हळदीचा पिवळा मळकट होतो.

खोलीतली ट्यूब आणि बल्ब फोटोच्या वेळी बंदच. दोन रंगांचा उजेड एका ताटात आला तर नंतर संगणकावर बसून तो सहजासहजी वेगळा करता येत नाही. साधे एलईडी बल्ब मोबाइलमध्ये पट्टेही पाडतात, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर त्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतो.

आता एलईडी गटाच्या खोलीतच असतो. स्टँडच्या तीन पायांच्या जागा, टेबलाची जागा आणि थर्माकोलची जागा फरशीवर रंगीत टेपने आखून दिली आहे, लाइटचं बटण किती फिरवायचं त्यालाही खूण आहे. लाडू, चटणी, तिखट ताईच काढतात. बरणी आणि तर्री असली की मला फोन येतो. बरणीसाठी लांबट, अरुंद असा स्ट्रिप सॉफ्टबॉक्स घ्यायचा आहे, ३० बाय १२० सेंटिमीटरचा. त्याने काचेच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक सरळ पांढरी रेघ मिळते. गटाला संत्र्याच्या सरबताच्या बाटल्यांचं काम मिळालं की तो आधी.