दाणा टपोरा, निकाल नापास

गव्हाचा तो लॉट आमच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा दाणा टपोरा होता, ओलावा मर्यादेत होता, वासही स्वच्छ होता. व्यापाऱ्याला फक्त सहीचा कागद हवा होता. पण डॉनचं प्रमाण किलोला २ मिलिग्रॅमच्या वर निघालं. डॉन म्हणजे डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, फ्युझेरियम ग्रॅमिनीअरम या बुरशीचं विष. प्रक्रियेला जाणाऱ्या गव्हासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादाच २ मिलिग्रॅम आहे आणि युरोपने २०२४ मध्ये कच्च्या गव्हासाठी ती १ मिलिग्रॅमवर आणली.

"मशीन चुकलंय," व्यापारी म्हणाला. मशीनवर शंका घेतल्याचं मला वाईट वाटत नाही. नमुन्याची कुणालाच पर्वा नसते, याचा मात्र संताप येतो. हे विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. एका दाण्यात खच्चून, शेजारच्यात नावालाही नाही. लोक पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर गहू आणतात आणि दशांशापर्यंत अचूक आकडा मागतात. म्हणून दुसरा नमुना मी स्वतः काढला. वरून, मधून, तळातून नळी खुपसून घेतलेलं सगळं एकत्र केलं, सगळंच बारीक दळलं आणि मग त्या पिठातून तपासणीपुरतं घेतलं. आधी दाणे वाटून मग दळलं तर विषारी दाणे कुठल्या वाट्यात गेले, हे नशिबावर राहतं. निकाल तोच आला.

त्याच शेतकऱ्याचा दुसरा लॉट पाठोपाठ आला. वाण तेच, पेरणी त्याच आठवड्यातली, फुलोऱ्यात पडलेला पाऊसही तोच. तो मर्यादेच्या खूप खाली. तेव्हा मी शेतावर गेले.

दुसऱ्या तुकड्यात आधी सोयाबीन होतं. नापास झालेल्या तुकड्यात मका होता आणि त्याची धसकटं जमिनीवर तशीच पडलेली. त्यांवर नखाने खरवडता येतील असे काळपट बारीक ठिपके होते. या बुरशीचं घर ते हेच. मक्याच्या जाड ताटात ती एका हंगामातून दुसऱ्यात टिकते, ओल मिळाली की बीजाणू उडवते आणि गहू फुलोऱ्यात असेल तर थेट ओंबीत शिरते. लवकर शिरली तर दाणा सुरकुततो, खडूसारखा पांढरा किंवा गुलाबी पडतो. उशिरा शिरली तर दाणा भरलेला दिसतो आणि विष आतच राहतं. हा लॉट बहुधा तसाच होता.

नांगरट न करण्याचा सल्ला त्या शेतकऱ्याला मिळाला होता आणि मातीसाठी तो योग्यच आहे. पण नांगर सोडायचा तर गव्हाला मक्याचा बेवड देऊ नये, म्हणजे मक्यामागे गहू घेऊ नये, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. ओंब्या गुलाबी दिसल्यावर फवारणी सुचवणारे भेटले. फवारणीचा उपयोग फुलोरा सुरू होताना. तोही रोग कमी करण्यापुरता.

मला अजून छळतो तो युरिया. मक्याने जमीन ओढली म्हणून त्या तुकड्याला त्यांनी नत्राचा हप्ता जास्त दिला होता. नत्र वाढलं की पीक दाटतं, ओंबीभोवती ओल जास्त वेळ राहते, मागाहून आलेले फुटवे उशिरा फुलतात, म्हणजे बुरशीला दार जास्त दिवस उघडं. ऑस्ट्रियातल्या शेतप्रयोगांत नत्र हेक्टरी शून्यापासून ८० किलोपर्यंत नेल्यावर रोग आणि डॉन दोन्ही वाढले, त्यापुढे फारशी वाढ झाली नाही. हे धरलं आणि मूळ मात्राच त्या आसपास असेल, तर वरच्या हप्त्याचा दोष थोडाच आणि खरा गुन्हेगार धसकटंच. पण नत्र तोडून पीक उपाशी ठेवणंही उत्तर नाही. उपाशी मक्यात फ्युमोनिसिन आणि अफ्लाटॉक्सिन ही बुरशीची दुसरी विषं वाढल्याची उदाहरणं आहेत.

आमच्या नमुन्याच्या अर्जात वाण विचारतात, ओलावा विचारतात, पोत्यांची संख्याही. आधीचं पीक आणि खताची मात्रा कुठेच विचारत नाहीत. त्यांचे दोन रकाने वाढवावेत असं मी वरिष्ठांना लिहून दिलं. "ते शेतीखात्याचं काम," असं उत्तर आलं. निकाल नापास ठरवणाऱ्याने कारण विचारू नये, हा हट्ट मला मान्य नाही. मी त्याच अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन्ही गोष्टी विचारून लिहायला सुरुवात केली आहे. त्या शेतकऱ्याने मक्यामागच्या गव्हात एक पट्टा कमी युरियाचा ठेवून त्याची मळणी वेगळी करायचं कबूल केलं आहे.