मिरजेच्या वॉर्डात सुचलेल्या कथा

पित्ताशयातला खडा सरकून पित्तनलिकेत अडकला, डोळे पिवळे झाले आणि मला मिरजेला दाखल व्हावं लागलं. आधी तोंडावाटे दुर्बीण घालून नळीतला खडा काढायचा, कावीळ उतरली की पित्ताशयाचं ऑपरेशन करायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. या दोन्हींच्या मध्ये होतं ते नुसतं वाट बघणं, आणि कथा सुचल्या त्या याच काळात. दिवाळी अंकांची पत्रं आलेली होती, त्यामुळे वही पिशवीत होतीच.

लिहिणाऱ्या माणसानं दाखल होताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. सलाईनची सुई लावायच्या आधी सिस्टरांना विचारावं, ‘दुसऱ्या हाताला लावाल का?’ त्या शक्यतो ऐकतात. माझा उजवा हात मोकळा राहिला म्हणून पुढचं सगळं टिपता आलं. मोबाईलवर बोलून नोंद करणं वॉर्डात जमत नाही. शेजारी माणसं झोपलेली असतात, आणि आपण त्यांच्याबद्दलच काही बोलत असू तर ते बरंही नव्हे.

स्वतःच्या दुखण्याच्या नोंदी कथेला फार पुरत नाहीत, असं माझं आता ठाम मत आहे. कळ आली, गेली, पुन्हा आली, यापलीकडे त्यात माणूस दिसत नाही. माणूस दिसतो तो कागदपत्रांपाशी. संमतीपत्रावर एक रकाना असतो, ‘रुग्णाशी नाते’. एका संध्याकाळी एक वयस्क गृहस्थ त्या रकान्यापाशी पेन धरून बराच वेळ उभे राहिले. बाईंना त्यांनीच आणलं होतं, औषधं तेच आणत होते, रात्री बाकावर तेच झोपत होते. शेवटी त्यांनी ‘शेजारी’ असं लिहिलं आणि सिस्टरांनी विचारलं, ‘घरचं कोणी नाही का?’ ते म्हणाले, ‘मुलगा उद्या येतोय.’ त्या बाईंनी मान भिंतीकडे वळवली. मी वहीत एवढंच लिहिलं : सही करायचा हक्क कोणाचा? ते दोघं एकमेकांचे कोण, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर माहिती मिळाली असती, कथा गेली असती.

माझा नियम तिथेच पक्का झाला. प्रश्न उचलायचा, माणूस उचलायचा नाही. गाव बदलायचं, व्यवसाय बदलायचा, आजार तर बदलायचाच. दवाखान्यात माणूस अंगावरच्या सैल कपड्यानिशी आपल्यासमोर असतो. त्याची तीच अवस्था छापून काढणं मला मान्य नाही.

शेजारच्या खाटेवर अथणीकडच्या एक आज्जी होत्या. मुलाशी कन्नड, माझ्याशी मराठी, आणि देवाशी दोन्ही. मिरजेत हे नेहमीचंच. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं दुखणं घेऊन या गावात उतरत आली आहेत. आज्जींनी एकदा विचारलं, ‘काय लिवाय लागलीस?’ मी सांगितलं, गोष्टी लिहिते. त्या म्हणाल्या, ‘माझी बी लिव, खरं नाव घालू नकोस.’ त्यांची गोष्ट मी लिहिलेली नाही. त्या बरं वाटू लागल्यावर घरच्या म्हशीची चौकशी आधी करायच्या आणि नातवंडांची नंतर, हा क्रम मात्र वहीत आहे.

पडल्या पडल्या मला विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण यायची. कुरुंदवाडच्या या मुलाचे डोळे फटाक्याच्या दारूनं भाजले, उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं, आणि इथेच त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं गाणं मिळालं. दृष्टी पूर्ववत झाली नाही. पण पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा माणूस याच गावात घडला. त्या पोराच्या आईवडिलांनी मिरजेची वाट धरली तेव्हा त्यांच्या मनात फक्त डोळे असणार. रात्री हा विचार मला पुरायचा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. सकाळी मंगळसूत्र, बांगड्या, कुड्या, जोडवी काढून नवऱ्याच्या रुमालात बांधली. पुढचं मला आठवत नाही. पण ऑपरेशन चालू असताना बाहेर जे घडलं ते त्यानं नंतर सांगितलं. दार अर्धं उघडून डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि ट्रेमध्ये काढलेलं पित्ताशय दाखवलं, शेजारी खडे. एका हातात दागिन्यांचा रुमाल होता आणि समोर माझ्या शरीराचा एक भाग, जो मी स्वतः कधी पाहणार नव्हते. ‘तुला काय वाटलं?’ असं मी विचारल्यावर तो म्हणाला, ‘नमस्कार करावासा वाटला.’ आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. पहिली कथा तिथून निघाली.

भूल उतरल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो श्वासपटलाला डिवचतो, आणि श्वासपटलाची संवेदना ज्या नसेतून जाते तिची कळ खांद्यात जाणवते. चालल्यानं बरं वाटतं म्हणून संध्याकाळीच व्हरांड्यात फेऱ्या सुरू झाल्या. हा खांदा मी कथेत घेतला. घरी बसून लिहिलं असतं तर पोटावर हात ठेवलेली बाई लिहून मोकळी झाले असते. त्या रात्रीच्या काही ओळी वहीत आहेत, अक्षर माझं आहे, लिहिल्याची आठवण नाही. त्यातली ‘चाकं ओली आहेत’ ही ओळ मी तशीच वापरली.

घरी आल्यावर लिहिणं वेगळ्याच कारणानं अडलं. टेबलाशी वाकून बसलं की टाक्यांना ताण पडायचा, खोकला आला की पोटावर उशी दाबून धरावी लागायची, आणि मन एका परिच्छेदावर टिकायचं नाही. मग मी आडवं राहूनच काम केलं. एका पानावर एक प्रश्न, त्याखाली त्या जागेचा एक वास किंवा आवाज, बस्स. स्पिरिट, पहाटे ताप बघायला येणाऱ्या सिस्टरांच्या चपला, मावशींचा ‘उठा, अंग पुसून घ्या’. घटना जुळवायचा हट्ट धरला नाही. ताकद आली तसे प्रसंग लांबत गेले.

रुमालाची कथा जुलैअखेर संपादकांकडे गेली. ‘शेजारी’ अजून अपुरी आहे, कारण तातडीच्या वेळी नातेवाईक नसेल तर पुढे काय करतात, हे मला नेमकं माहीत नव्हतं. फेरतपासणीला गेले तेव्हा सिस्टरांना विचारलं. जीवावर बेतलं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर पहिली सही त्याचीच, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे त्या बाई स्वतः सही करू शकत होत्या. कथेत आता पेन त्यांच्याकडे द्यायचं आहे, दुसरा खर्डा तिथून सुरू केलाय.