तुम्ही विचारलंत म्हणून : साहेब भेटले, म्हणजे काम झालं का?

चोपडा-जामनेरकडच्या शेतकरी संघटनांतली तरुण मंडळी नेहमी विचारतात : मंत्र्यांनी अर्धा तास दिला, निवेदन वाचलं, समोरच फोन लावायला सांगितला, मग आपलं वजन आहे असं धरायचं का?

भेट मिळाली, एवढंच धरा. भेट मिळणं वेगळं आणि निर्णय बदलणं वेगळं, आणि हा फरक वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्यांनाच सगळ्यात कमी दिसतो. पाश्चात्त्य देशांतल्या व्यावसायिक लॉबिस्टांच्या, म्हणजे पैसे घेऊन सरकारकडे पाठपुरावा करणाऱ्यांच्या, अभ्यासातही हेच आढळलं : ते स्वतःचं यश फुगवून धरतात, आणि ज्यांचा मान मोठा ते जास्तच. मला यात नवल वाटत नाही. मोठ्या माणसाला तोंडावर कोणी ‘नाही’ म्हणत नाही. काम झालं की श्रेय त्याचं, अडलं की आचारसंहिता आडवी आली.

कापसाचंच घ्या. लांब धाग्याचा हमीभाव 2023-24 ला क्विंटलला 7020 रुपये होता, मग 7521, आणि 2025-26 ला 8110. दरवेळी ‘आमच्या मागणीला यश’ म्हणून पत्रकं निघतात. पण हा भाव कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून सगळ्या देशासाठी एकच ठरतो, आणि 2018-19 पासून तो निविष्ठा (बियाणं, खतं वगैरे) व घरच्या मजुरीच्या खर्चाच्या किमान दीडपट धरतात. खर्च वाढला की भाव वाढणारच होता. आपलं यश म्हणायचं तर ते त्याच्यावर जे काही मिळालं तेवढंच.

यशाचा हिशेब मांडताना हेही लिहा : 19 ऑगस्ट 2025 ला कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. शेतकरी संघटनांचा विरोध होता, तरी उठलं. शुल्क उठवा म्हणणाऱ्या गिरणीवाल्यांनीही सगळं श्रेय घेऊ नये. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं होतं, तेही कारण असू शकतं.

म्हणून मुंबईची गाडी धरण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा. नेमकी मागणी, आकडा आणि मुदतीसह. ती मान्य होण्याची शक्यता किती टक्के. आणि आपण गेलोच नाही तर काय होईल. खाली तारीख, आणि सही संघटनेतल्या अशा माणसाची, जो सोबत येणार नाही. ‘शेतकऱ्यांना न्याय मिळावा’ ही मागणी लिहू नका, काहीही झालं तरी ती पूर्ण झाल्यासारखी वाटते. वीसेक नोंदी झाल्या की ‘80 टक्के’ लिहिलेल्यांपैकी किती खऱ्या ठरल्या ते मोजा. निम्म्याच ठरल्या असतील, तर पुढच्या वेळी मनात 80 आलं की 50 लिहा.

परत आल्यावर निवेदनावर मारलेला शेरा वाचा. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे कागद खाली गेला, बाकी काही ठरलेलं नाही. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असेल आणि मागणी नियमातच बसत नसेल, तर तो जवळजवळ नकारच. आवक क्रमांक घ्या, कागद कोणत्या कार्यासनाकडे (मंत्रालयातल्या कोणत्या टेबलाकडे) गेला ते विचारा.

शासन निर्णय निघालाच, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या नस्तीवरच्या (फाइलवरच्या) टिपण्या मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पहिली टिपणी तुमच्या भेटीच्या आधीची असेल, तर प्रस्ताव तुमच्यामुळे सुरू झालेला नाही. भेटीनंतर त्यातली रक्कम, अट किंवा मुदत बदलली असेल, तर आपल्या खात्यावर तेवढीच मांडा.