शेपूट जड निघालं: नव्या मॉडेल विमानाचा तोल साधताना

विमान पूर्ण जोडून होईपर्यंत मी तोलाला हात लावला नाही. प्रॉपेलर, स्पिनर, रिसीव्हर, सर्व्हो, चाकं, बॅटरी सगळं जागेवर हवं. एखादी वस्तू मागाहून बसवली की आधीचं मोजमाप फुकट. इंजिनाचं मॉडेल असेल तर टाकी रिकामी ठेवायची. टाकी बहुधा गुरुत्वमध्याच्या (विमान जिथे टेकवलं की तोलून राहतं त्या बिंदूच्या) पुढे असते, त्यामुळे इंधन संपत येतं तसतशी शेपूट जड होत जाते.

माझं मॉडेल वरच्या पंखाचं ट्रेनर (शिकाऊंसाठीचं विमान), वजन 1200 ग्रॅम, पंखाची कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) सगळीकडे 220 मिमी. अशा सरळ पंखाला गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून कॉर्डच्या 25 ते 33 टक्क्यांत चालतो. पहिल्या उड्डाणासाठी 28 टक्के धरले, म्हणजे 62 मिमी, आणि पंखाखाली धडाच्या दोन्ही बाजूंना टेपच्या खुणा केल्या. (पंख निमुळता किंवा मागे झुकलेला असेल तर धडाजवळचं माप उपयोगाचं नाही, सरासरी कॉर्ड काढावी लागते. खालच्या पंखाचं विमान उलटं धरून तोलावं.)

खुणांवर बोटं टेकवून उचललं, तर शेपूट खाली गेली. तोल सापडला 76 मिमीवर, 14 मिमी मागे. असं विमान एलेव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीला) अति तिखट होतं आणि वेग कमी होताच स्टॉल होऊन, म्हणजे पंखाची उचल तुटून, हाताबाहेर जातं.

इथे शिसं चिकटवण्याची घाई नको, आधी गणित. वजन गुणिले अंतर: 1200 × 14 = 16,800 ग्रॅम-मिमी. 180 ग्रॅमची बॅटरी 60 मिमी पुढे सरकवता आली, त्यात 10,800 भरून निघाले. उरले 6,000. मोटरची चौकट खुणेपासून 240 मिमी पुढे, म्हणून तिथे 25 ग्रॅम शिसं पुरेसं झालं. शेपटीचं टोक मात्र 720 मिमी मागे आहे. तिथला रंगाचा वा एपॉक्सीचा एकेक ग्रॅम नाकाकडे तीन ग्रॅम मागतो. मागच्या भागाला सँडपेपर लावताना हे डोक्यात ठेवायला हवं.

शिसं एपॉक्सीने आणि स्क्रूने बसवलं. नुसती दुहेरी टेप कंपनाने सुटते. बॅटरीला वेल्क्रो आणि वरून पट्टा, कारण चढताना ती मागे घसरली तर सगळा हिशेब बिघडतो.

आडवा तोल मोटरचा शाफ्ट आणि शेपटीचं टोक दोऱ्याने टांगून पाहिला. उजवा पंख तीनदा खाली गेला, म्हणून डाव्या टोकात 4 ग्रॅम घातले. एकदाच पाहून ठरवू नये, दोऱ्याचा पीळही फसवतो.

उड्डाणानंतर उतरताना एलेव्हेटर फार ओढावा लागला, म्हणजे नाक जड वाटलं, तर बॅटरी मागे घ्यायची, पण एका वेळी गुरुत्वमध्य 2 ते 3 मिमीच हलेल इतकी.