निकालाआधीचे तीन आठवडे

नीटचा पेपर झाला, पुस्तकं माळ्यावर गेली आणि निकालाला अजून महिना होता. आपल्याकडे मेडिकलच्या प्रवेशाला ७२० पैकी मार्क किती, एवढंच बघतात; दवाखान्यात कधी बसलीस का, हे कुणी विचारत नाही. पण याच मार्कांवर बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी यांचीही दारं उघडतात. त्यातलं मला काय हवंय, हे मला खरंच माहीत नव्हतं. सोलापुरात डॉक्टर व्हायचंय म्हटलं की कुणीतरी डॉ. कोटणिसांचं नाव काढतंच. युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ ला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण डॉक्टर सकाळी दहा वाजता नेमकं काय करतो, ते कुणी सांगितलं नव्हतं.

नुसतं बसून काम बघू द्या, असा अर्ज घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलात गेले, तर 'असली पद्धत नाही' म्हणून परत पाठवलं. तेव्हा रडू आलं होतं. मग आमच्या अशोक चौकाजवळच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी अटी घातल्या: मोबाईल पिशवीत, कशाला हात लावायचा नाही, वहीत पेशंटचं नाव लिहायचं नाही. प्रत्येकाला ते आधी विचारायचे, "ही शिकायला बसलीय, चालेल ना?" एका बाईंनी मान हलवून नको म्हटलं. मी लगेच बाहेर येऊन बाकावर बसले. ते बरोबरच होतं.

त्यांच्याच ओळखीनं पुढचा आठवडा लॅबमध्ये काढला. तिथले टेक्निशियन दादा बेडक्याची डबी उजेडात धरून बघायचे आणि निम्म्या डब्या परत करायचे. "मामा, ही थुंकी झाली. खोल श्वास घ्या, छातीतून खाकरून काढा." नुसती लाळ तपासली तर टीबी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि पुढं डॉक्टर त्याच कागदावर विसंबणार. त्यांनी एक जुनी स्लाइड दाखवली. निळ्या रंगात बारीक लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, अगदी मोजक्या. तेवढ्या शोधायला ते मान न वळवता कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून बसायचे.

एका छोट्या नर्सिंग होममध्ये दोन दिवस सिस्टरांसोबतही राहिले. ड्युटी बदलताना कुणाचं सलाइन कधी लावलं, कुणाला लघवी झाली का, हे त्या एकमेकींना न चुकता सांगायच्या.

पण मन अडकलं ते फिजिओथेरपी मॅडमकडे. पन्नाशीच्या एक बिडी कामगार मावशी मान दुखते म्हणून आल्या होत्या. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मावशी तेलुगू बोलायच्या. मला गल्लीत खेळून आलेलं तेलुगू येतं, म्हणून मॅडमनी मला पुढं केलं. "एक्कड नोप्पी?" विचारलं, तर मावशींनी मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत बोट फिरवलं. मॅडम म्हणाल्या, "उद्या बिड्या वळायचं सूप घेऊन यायला सांग."

दुसऱ्या दिवशी मावशी सूप, पानं, तंबाखू, दोरा सगळं घेऊन आल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. पान, चिमूटभर तंबाखू, वळणं, दोऱ्याचे वेढे. हात थांबत नव्हते आणि हनुवटी छातीला टेकलेली. दिवसाला आठशे तरी होतात म्हणाल्या. जेवढ्या बिड्या तेवढेच पैसे, त्यामुळे 'आराम करा' सांगून काहीच होणार नव्हतं. मॅडमनी त्यांना भिंतीला पाठ लावून बसवलं, मांडीवर उशी ठेवली, उशीवर सूप. काम डोळ्यांजवळ आलं, मान आपोआप वर आली. दर पंचवीस बिड्यांनंतर हनुवटी मागं ओढायची, पाच वेळा. मी तेलुगूत सांगितलं, मावशींनी करून दाखवलं. आठवड्यानं आल्या तेव्हा त्या आधी मला शोधत होत्या.

एमबीबीएस नाही लागलं तर रिपीट करणार नाही, फिजिओथेरपी घेईन, असं मी निकालाच्या आदल्या रात्री घरी सांगून टाकलं. आई काहीच बोलली नाही. बाबांनी विचारलं, "त्यात करतात काय?" मी स्वयंपाकघरातून सूप आणलं, एक उशी घेतली आणि भिंतीला पाठ लावून बसले.